कडेने आलेला रेटी

मालेगावच्या मोसमकाठच्या भुईकोट किल्ल्याशी उभे राहा आणि मागांची खटखट ऐकू येईनाशी होईपर्यंत काळात मागे चालत जा. थांबा. आता समुद्रापार पाहा. हे न्यूयॉर्कचं अलामॅक हॉटेल, २२ मार्च १९२४. इथे बुद्धिबळाची स्पर्धा चालू आहे.

काळी मोहरी जगज्जेत्या कापाब्लांकाकडे. आठ वर्षांत तो एकही डाव हरलेला नाही. पांढरी मोहरी रिचर्ड रेटीकडे. आधी घोडा, मग वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं, तिसऱ्या चालीला त्याच बाजूच्या घोड्यापुढचं. राजा-वजिरापुढची प्यादी सात चाली जागची हलत नाहीत. दोन्ही उंट कडेनेच तिरके रोखलेले. "अहो, मध्य धरा ना!" तुमच्या ओठांवर येतंच.

मालेगावकराने तरी असं म्हणू नये. मे १८१८ मध्ये इंग्रज आपल्या किल्ल्याच्या खिंडारात घुसले आणि मार खाऊन फिरले. जूनमध्ये लांबून केलेल्या माऱ्यात दारूखाना उडाला, मग किल्ला पडला. रेटीचा उंटही लांबूनच नेम धरून बसलाय.

कापाब्लांकाची मांडणी पाहा. राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एकच घर पुढे, त्यामागे उंट. याला जग 'इंडियन' म्हणतं, कारण एकोणिसाव्या शतकात कोलकात्याचे मोहेशचंद्र बॅनर्जी जॉन कॉक्रेनविरुद्ध असेच खेळत. आपल्या देशी बुद्धिबळात प्याद्याला दोन घरांची उडीच नव्हती. डाव सावकाश मांडणं भागच होतं. 

आता परत न्यूयॉर्कच्या डावाकडे. सोळाव्या चालीला रेटी मध्यावर घाव घालतो. अठराव्या चालीला कापाब्लांका घोडा मागे घेतो. माझ्या मते डाव इथेच घसरला. एकविसाव्या चालीला रेटीचा तो लांब पल्ल्याचा उंट समोरच्या उंटाला मारून स्वतः मरतो, आणि त्याच्या जुन्या घरावर रेटीचा वजीर येऊन बसतो. शह! पाठोपाठ हत्ती प्यादं खातो. एकतिसाव्या चालीला दुसरा हत्ती, घोड्याच्या जोरावर, काळ्या वजिराला खेटून उभा राहतो. कापाब्लांका डाव सोडतो.

ती स्पर्धा तिसऱ्याच खेळाडूने, लास्करने जिंकली, २० पैकी १६ गुण मिळवून. कापाब्लांका दुसरा. रेटी पाचवा आला, पण सुरुवातीच्या त्या चालींना नाव त्याचंच लागलं.