वळिवडे आणि आमची वंशावळ

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. त्यात बहुसंख्य स्त्रिया आणि मुले. १९३९ मध्ये जर्मनी आणि सोव्हिएत रशिया यांनी पोलंड वाटून घेतला. पूर्व पोलंडमधील कुटुंबांना १९४०-४१ मध्ये घरांतून उठवून, मालगाड्यांत कोंबून सैबेरिया व कझाकस्तानकडे हाकलण्यात आले. १९४१ मध्ये हिटलरने रशियावर चाल केली तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यांतले काही इराणमार्गे कोल्हापूर संस्थानात पोहोचले. युद्धानंतर ही माणसे जगभर पांगली. रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी आले. तेच आजचे गांधीनगर.

या पोलिशांची मुले-नातवंडे आजही कोल्हापुरात येतात, कबरींवरची नावे वाचतात. वळिवड्यात वाढलेल्यांनी पुढे आपली संघटना काढली, आठवणी जमवल्या, ग्रंथ सिद्ध केला. कुणा इतिहासकाराची वाट पाहिली नाही.

मी छत्रपती संभाजीनगरला इतिहास शिकवतो. माझी वंशावळ मी प्रथम शोधली ती जिव्हाळ्यापोटी नव्हे, तर जात पडताळणीच्या अर्जासाठी. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. आजोबा शाळेची पायरी चढले नव्हते. दाखला कुठून आणणार? अखेर निजामी अमदानीतील एका उर्दू कागदावर पणजोबा सापडले. वाचून दाखवणारा म्हणाला, ‘कचऱ्या, जात महार.’ बापाचे नाव नाही. पणजीचे तर नाहीच नाही.

आजी म्हणते, घरात पत्र्याची एक पेटी होती. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटल्या. आमचे घर जळाले, पेटीही जळाली. तीत चुलत्याचा शाळेचा दाखला होता, दीक्षेनंतर काढलेला फोटो होता. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला नाव मिळाले. पेटी मिळाली नाही.

युरोपातील छळ आणि आमची अस्पृश्यता एका तराजूत तोलण्याचा हा खटाटोप नाही. फरक आहे, आणि तोच मला सांगायचा आहे. पोलिश नातू छळाची वर्षे ओलांडून मागे गेला तर त्याला पणजोबाचे घर, शेत, चर्चमधील बाप्तिस्म्याची नोंद भेटू शकते. छळाआधीचा एक काळ त्याच्यापाशी आहे. आम्ही कागदावर जितके मागे जावे तितके गावकुसाबाहेरच राहतो. जिथे आमचे नाव आहे, तिथे ते मोडून लिहिलेले आहे. तीर्थक्षेत्रीच्या उपाध्यांनी सवर्ण घराण्यांच्या पिढ्या वह्यांत जपल्या. आमच्या पिढ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी राहिल्या, आणि त्यांच्याबरोबर मातीत गेल्या.

म्हणून वळिवड्याकडून घ्यायचे ते एवढेच : आपली नोंद आपण करायची. माझ्या विद्यार्थ्यांना मी आता सुट्टीत एकच काम देतो. आजीजवळ बसा. तिचे पाळण्यातले नाव लिहा, माहेर लिहा, तिच्या आईचे नाव लिहा. घर कोणत्या साली जळाले, त्या रात्री आसरा कुणी दिला, दार कुणी लावून घेतले, तेही लिहा.

माझ्या वहीत पहिले नाव पणजीचे आहे. आजीने ते सांगितले तेव्हा माझे वय चौतीस होते.