एकाच सर्व्हरवर अनेक संकेतस्थळे

बीड जिल्ह्यात बीड, गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर, केज, अंबाजोगाई, परळी, पाटोदा, आष्टी आणि शिरूर कासार असे ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याचे स्वतंत्र संकेतस्थळ तयार करावयाचे झाल्यास त्यासाठी ११ संगणकांची गरज पडत नाही. एका साध्या संगणकावर, इंटरनेटची जोडणी नसतानाही, ही सर्व संकेतस्थळे एकाच वेळी उभारून तपासता येतात. या पद्धतीला 'व्हर्च्युअल होस्टिंग' असे म्हणतात. तालुक्याच्या गावी राहून संकेतस्थळे तयार करणाऱ्या तरुणांना तिचा मोठा उपयोग होतो. मात्र मांडणीत चूक झाली, तर एका संकेतस्थळाची माहिती दुसऱ्याच्या दारातून बाहेर पडू शकते.

पत्ता एक, नावे अनेक

जुन्या वाड्यात अनेक बिऱ्हाडे असत. वाड्याचा पत्ता एकच असला, तरी पाकिटावरील नाव वाचून पोस्टमन पत्र योग्य बिऱ्हाडात देत असे. सर्व्हरचे कामही असेच चालते. सर्व्हरला एक आयपी पत्ता असतो आणि ब्राउझर पान मागताना हव्या असलेल्या संकेतस्थळाचे नावही कळवितो. मागणीतील या ओळीला 'होस्ट' म्हणतात.

वेबच्या सुरुवातीच्या काळात ही सोय नव्हती. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी १.० या नियमावलीत असे नाव कळविण्याचे बंधन नव्हते. त्यामुळे सर्वसाधारणपणे प्रत्येक संकेतस्थळासाठी वेगळा आयपी पत्ता घ्यावा लागे. चौथ्या आवृत्तीच्या पद्धतीत असे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच आहेत. जानेवारी १९९७ मधील एचटीटीपी १.१ ने 'होस्ट' ओळ सक्तीची केली आणि एका पत्त्यावर कितीही नावे नांदविणे शक्य झाले.

संगणकाला नावांची ओळख

सार्वजनिक इंटरनेटवर नावावरून पत्ता शोधण्याचे काम डीएनएस यंत्रणा करते. स्वतःच्या संगणकापुरते हेच काम 'होस्ट्स' नावाची छोटी फाइल करते. विंडोजमध्ये ती 'सिस्टम३२' फोल्डरमधील 'ड्रायव्हर्स' व त्यातील 'ईटीसी' या फोल्डरमध्ये, तर लिनक्समध्ये थेट 'ईटीसी' फोल्डरमध्ये असते. ती बदलण्यासाठी प्रशासकाचे अधिकार लागतात. १२७.०.०.१ हा पत्ता म्हणजे स्वतःचाच संगणक होय. या पत्त्यासमोर 'केज डॉट टेस्ट', 'आष्टी डॉट टेस्ट' अशी नावे रोमन लिपीत नोंदवावी लागतात. या फाइलमध्ये 'सर्व उपनावे' अशी सरसकट नोंद चालत नाही. प्रत्येक नाव स्वतंत्रपणे लिहावे लागते.

नावाच्या शेवटी 'टेस्ट' का, यालाही कारण आहे. जून १९९९ मध्ये 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' आणि 'लोकलहोस्ट' हे चार शब्द राखीव ठेवण्यात आले. त्यामुळे 'टेस्ट'ने संपणारे नाव सार्वजनिक इंटरनेटवर कोणालाही मिळत नाही. अनेक जण पूर्वी 'डेव्ह' हा शब्द वापरीत. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोम ब्राउझरच्या ६३ व्या आवृत्तीने या नावांसाठी सुरक्षित जोडणी सक्तीची केली आणि अनेकांची चालू कामे अडली. २०१९ मध्ये ही नावे सर्वांसाठी विक्रीसही खुली झाली.

सर्व्हरमधील मांडणी

१९९५ पासून उपलब्ध असलेला अपाची हा सर्व्हर विनामूल्य मिळतो. अपाची, डेटाबेस आणि पीएचपी एकत्र बसविणारा 'झॅम्प' हा संच २००२ पासून मिळू लागला. अपाचीच्या मांडणी फाइलमध्ये प्रत्येक संकेतस्थळासाठी 'व्हर्च्युअलहोस्ट' हा स्वतंत्र विभाग लिहितात. त्यात 'सर्व्हरनेम'पुढे नाव, 'डॉक्युमेंटरूट'पुढे फोल्डर आणि त्या संकेतस्थळाच्या नोंदवहीची फाइल द्यावयाची असते. बदल केल्यावर सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो.

येथे एक नियम ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. आलेले नाव कोणत्याही विभागाशी जुळले नाही, तर अपाची पहिल्या विभागातील संकेतस्थळ दाखवितो. 'केज' लिहिताना एक अक्षर चुकले आणि पहिला विभाग आष्टीचा असेल, तर केजच्या नावाखाली आष्टीची पाने दिसतील. त्रुटीचा संदेश येणार नाही. म्हणून पहिला विभाग 'असे संकेतस्थळ येथे नाही' एवढेच सांगणाऱ्या पानासाठी राखून ठेवावा.

फोल्डर किंवा पोर्ट का नको?

एकाच नावाखाली ११ फोल्डर करणे सोपे वाटते. पण तिरप्या रेषेने सुरू होणारे दुवे अशा वेळी मुख्य फोल्डरकडे जातात आणि चित्रे दिसेनाशी होतात. प्रत्येक संकेतस्थळाला वेगळा पोर्ट क्रमांक देण्याचा मार्गही आहे. तथापि ब्राउझर कुकी साठविताना पोर्ट पाहत नाही, नाव पाहतो. त्यामुळे एका संकेतस्थळावरील प्रवेशाची नोंद दुसऱ्यावर उमटू शकते. वेगळ्या नावांमुळे दोन्ही अडचणी टळतात.

माहितीची राखण

व्हर्च्युअल होस्टिंग नावे वेगळी करते, मधे भिंत बांधीत नाही. नेहमीच्या मांडणीत सर्व संकेतस्थळे सर्व्हरच्या एकाच खात्याच्या अधिकाराने चालतात. एका संकेतस्थळाच्या प्रणालीत दोष असल्यास दुसऱ्याच्या फाइल वाचल्या जाण्याचा धोका राहतो. यासाठी प्रत्येकाला स्वतंत्र डेटाबेस आणि त्याचा स्वतंत्र वापरकर्ता असावा. सर्व्हर फक्त १२७.०.०.१ वर ऐकेल अशी नोंदही करावी. तसे न केल्यास त्याच नेटवर्कवरील इतर संगणकांना ही अर्धवट पाने उघडता येऊ शकतात.

बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. दर हंगामात येथून मोठ्या संख्येने कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. अशा कामगारांच्या नोंदणीसाठी प्रणाली तयार करताना चाचणीसाठी खरी नावे, आधार क्रमांक वा बँक खाती वापरणे अयोग्य ठरते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणासाठी देशात २०२३ मध्ये स्वतंत्र कायदा झाला आहे. चाचणीला काल्पनिक नोंदी पुरेशा होतात.

शेवटची पायरी

एका व्यवस्थेवर अनेक संकेतस्थळे चालविण्याचे तत्त्व शासनही मोठ्या प्रमाणावर वापरते. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या 'एसथ्रीवास' या सामाईक प्रणालीवर बीडसह देशातील अनेक जिल्ह्यांची अधिकृत संकेतस्थळे चालतात.

घरच्या संगणकावर तयार झालेले संकेतस्थळ सार्वजनिक सर्व्हरवर नेताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. चाचणीसाठी खरे नाव 'होस्ट्स' फाइलमध्ये लिहिले असल्यास ती ओळ काढून टाकावी. ती राहिली, तर तयार करणाऱ्याला स्वतःच्या संगणकावरील प्रतच दिसत राहते. सार्वजनिक संकेतस्थळ बंद असले, तरी त्याला ते समजत नाही. म्हणून अखेरची तपासणी दुसऱ्या संगणकावरून अथवा मोबाइलच्या जोडणीवरून करावी.