शेऱ्याचा रकाना

आत्याची वही लांबट, वाण्याच्या खातेवहीसारखी. गिरगावातल्या चाळीत, दोन खोल्यांत तिचं वधू-वर सूचक मंडळ चालायचं. मुलींचे बाप दारात चपला काढायचे आणि पिशवीतून फोटो, टिपण पुढे करायचे. उंची, गोत्र, नाड, शिक्षण, पगार, जागा स्वतःची की पागडीची. सुट्टीत रकाने आखायचं काम माझं. शेवटचा रकाना मात्र ती स्वतः भरायची, पेन्सिलीने. शेरा. ‘मुलगा बरा, आई बोलू देत नाही.’ ‘फोटो जुना.’ ‘फार घाई आहे, का ते विचारणे.’ हा रकाना ती कुणाला दाखवत नसे.

तिच्या आईच्या वेळी वहीसुद्धा नव्हती. मुंजीच्या पंगतीत, कीर्तनात स्थळं कळायची. “गाव सुटलं म्हणून वही आली गं,” आत्या म्हणायची.

संगणकाचंही तेच झालं. 1997 मध्ये अमेरिकेत सॉफ्टवेअरची नोकरी करणाऱ्या मुरुगवेल जानकीरामन यांनी तिथल्या तमिळ मंडळींसाठी संकेतस्थळ काढलं. विवाह हा त्यातला नुसता एक विभाग, पण गर्दी तिथेच. त्यातून भारत मॅट्रिमनी उभी राहिली. त्यांचं स्वतःचं लग्नही तिथेच जमलं. साधारण त्याच सुमारास अनुपम मित्तल यांनी सगाई डॉट कॉम सुरू केलं, तेच पुढे शादी डॉट कॉम. लग्नं जुळवणाऱ्या एका मध्यस्थाशी गाठ पडली आणि ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. म्हणजे आत्याच्याच जातकुळीतलं कुणीतरी.

याच्याही आधी, 1965 साली, हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑपरेशन मॅच’ काढलं होतं. तीन डॉलर आणि भरलेली प्रश्नावली पाठवायची. संगणक जोड्या लावून नावांची यादी द्यायचा. आत्याला हे सांगितलं, तर तिचा पहिला प्रश्न, “नाड बघत होते?” नव्हते म्हटल्यावर तिचा रस संपला. 2012 मध्ये आलेल्या टिंडरबद्दल मी तिला काही सांगितलं नाही. फोटो बघून बोटाने बाजूला सारायचा, हे तिच्याकडे येणारे वरपिते कधीपासून करत होते.

माझ्या भाच्याचं नाव विवाहाच्या संकेतस्थळावर नोंदवताना ती शेजारी बसली होती. पहिलाच प्रश्न: प्रोफाइल कुणासाठी? स्वतः, मुलगा, मुलगी, भाऊ... तिला ते पटलं. पुढचे रकानेही ओळखीचे, मंगळसुद्धा होता.

“शेरा कुठे लिहायचा?”

“‘स्वतःबद्दल’ म्हणून जागा आहे.”

“स्वतःबद्दल स्वतःच?” ती हसत सुटली. “मग तो शेरा कसला!”

आठवड्याने एका मुलीकडून होकार आला. फोटो छान, पगार छान, पत्रिकेत 27 गुण. आत्याने फक्त मुलीच्या वडिलांचं मूळ गाव विचारलं, चष्मा लावला आणि डोंबिवलीला कुणालातरी फोन लावला.