माइक सिलिंजर

माइक सिलिंजर (जन्म: २९ जून १९७१, रेजायना, सास्काचेवान, कॅनडा) हे कॅनडाचे माजी व्यावसायिक आइस हॉकी खेळाडू आहेत. मध्य आघाडीवर, म्हणजेच सेंटर या स्थानावर खेळणाऱ्या सिलिंजर यांनी १९९०-९१ ते २००८-०९ या काळात नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) १२ वेगवेगळ्या संघांचे प्रतिनिधित्व केले. हा या लीगमधील विक्रम आहे. त्यांनी नियमित हंगामांतील १,०४९ सामन्यांत २४० गोल आणि ३०८ गोलसाहाय्ये अशी एकूण ५४८ गुणांची नोंद केली. सतत संघ बदलत राहूनही दीर्घकाळ लीगमध्ये टिकून राहणाऱ्या खेळाडूला उत्तर अमेरिकेत 'जर्नीमन' म्हणतात. सिलिंजर यांची कारकीर्द हे या प्रकाराचे ठळक उदाहरण मानले जाते.

प्रारंभिक कारकीर्द

सिलिंजर यांची जडणघडण त्यांच्या जन्मगावीच झाली. १९८७ ते १९९१ या काळात ते वेस्टर्न हॉकी लीग या कुमार गटाच्या स्पर्धेत रेजायना पॅट्स संघाकडून खेळले. तेथे सलग तीन हंगामांत त्यांनी प्रत्येकी ५० किंवा त्याहून अधिक गोल केले. सास्काचेवानमध्ये झालेल्या १९९१ च्या जागतिक कुमार अजिंक्यपद स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या कॅनडाच्या संघातही त्यांचा समावेश होता.

एनएचएलमध्ये दरवर्षी 'ड्राफ्ट' या प्रक्रियेद्वारे संघ ठरावीक क्रमाने तरुण खेळाडूंची निवड करतात. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये डेट्रॉईट रेड विंग्ज संघाने पहिल्या फेरीत, एकूण ११ व्या क्रमांकावर सिलिंजर यांना निवडले. डेट्रॉईटची त्या वर्षीची निवड लीगच्या इतिहासातील सर्वोत्तम निवडींपैकी एक समजली जाते. मात्र त्यामागचे कारण पहिल्या फेरीत नसून पुढच्या फेऱ्यांत आहे. याच संघाने ५३ व्या क्रमांकावर निकलास लिडस्ट्रॉम, ७४ व्या क्रमांकावर सर्गेई फेदोरोव्ह आणि २२१ व्या क्रमांकावर व्लादिमिर कॉन्स्तान्तिनोव्ह यांना निवडले होते. लिडस्ट्रॉम वीस हंगाम केवळ डेट्रॉईटकडून खेळले. लिडस्ट्रॉम आणि फेदोरोव्ह या दोघांचाही २०१५ मध्ये हॉकी हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला. त्यांच्या आधी निवडले गेलेले सिलिंजर मात्र तारांकित आघाडीपटूंनी भरलेल्या या संघात कायमचे स्थान मिळवू शकले नाहीत.

संघबदल

एनएचएलमधील संघ आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघाकडे हस्तांतरित करू शकतो. मोबदल्यात दुसरा खेळाडू किंवा पुढील ड्राफ्टमधील निवडीचा हक्क घेतला जातो. करारात तशी अट नसल्यास यासाठी खेळाडूची संमती आवश्यक नसते. सिलिंजर यांच्या १२ संघांपैकी डेट्रॉईटने त्यांना ड्राफ्टमधून घेतले. कोलंबस आणि न्यू यॉर्क आयलंडर्स या दोन संघांत ते करारमुक्त खेळाडू म्हणून स्वतःच्या निर्णयाने गेले. उरलेल्या नऊ संघांत ते अदलाबदलीतून पोहोचले. त्यांचे संघबदल पुढीलप्रमाणे:

• एप्रिल १९९५: डेट्रॉईटकडून मायटी डक्स ऑफ ॲनाहाइमकडे
• मार्च १९९६: व्हँकूव्हर कनक्सकडे, रोमान ओक्स्युता यांच्या बदल्यात
• फेब्रुवारी १९९८: फिलाडेल्फिया फ्लायर्सकडे, ड्राफ्टच्या पाचव्या फेरीतील हक्काच्या बदल्यात
• डिसेंबर १९९८: ख्रिस ग्रॅटन यांच्यासह टँपा बे लाइटनिंगकडे
• मार्च २०००: फ्लोरिडा पँथर्सकडे
• मार्च २००१: ऑटावा सेनेटर्सकडे
• जुलै २००१: कोलंबस ब्लू जॅकेट्सशी करार
• जुलै २००३: डॅलस स्टार्समार्गे फीनिक्स कायोटीजकडे
• मार्च २००४: सेंट लुईस ब्लूजकडे, गोलरक्षक ब्रेंट जॉन्सन यांच्या बदल्यात
• जानेवारी २००६: नॅशव्हिल प्रेडेटर्सकडे
• जुलै २००६: न्यू यॉर्क आयलंडर्सशी तीन वर्षांचा करार

यांपैकी २२ जुलै २००३ रोजी झालेला व्यवहार विशेष उल्लेखनीय आहे. त्या दिवशी कोलंबसने बचावपटू डॅरिल सिडोर यांच्या बदल्यात सिलिंजर यांना दुसऱ्या फेरीच्या हक्कासह डॅलसला दिले. डॅलसने त्याच दिवशी त्यांना फीनिक्सकडे पाठवून बचावपटू टेप्पो नुम्मिनेन यांना मिळवले. त्यामुळे एका दिवसापुरते डॅलसचे खेळाडू असूनही सिलिंजर त्या संघाकडून एकही सामना खेळले नाहीत आणि त्यांच्या १२ संघांत डॅलसची गणना होत नाही.

लीगचा विस्तार

सिलिंजर यांच्या निवडीच्या वेळी एनएचएलमध्ये २१ संघ होते. २००० पर्यंत ही संख्या ३० झाली. नव्याने स्थापन झालेल्या संघांकडे स्वतः घडवलेले खेळाडू नसल्याने त्यांना अनुभवी खेळाडूंची गरज भासत असे. सिलिंजर यांच्या १२ संघांपैकी ऑटावा व टँपा बे (१९९२), ॲनाहाइम व फ्लोरिडा (१९९३), नॅशव्हिल (१९९८) आणि कोलंबस (२०००) हे सहा संघ या विस्तारातून निर्माण झालेले होते. फीनिक्सचा संघ १९९६ मध्ये विनिपेगहून स्थलांतरित झाला होता. त्यामुळे त्यांच्या भ्रमंतीला वैयक्तिक कारणांइतकीच लीगच्या वाढीचीही पार्श्वभूमी आहे.

खेळाची शैली

कुमार गटात प्रामुख्याने गोल करणारा खेळाडू अशी ओळख असलेल्या सिलिंजर यांनी एनएचएलमध्ये वेगळी भूमिका स्वीकारली. पंचांनी दोन प्रतिस्पर्ध्यांच्या मध्ये पक टाकून खेळ सुरू करण्याच्या पद्धतीला फेस-ऑफ म्हणतात. त्यात पकचा ताबा मिळवण्यात ते निष्णात मानले जात. शिक्षेमुळे आपल्या संघाचा एक खेळाडू बर्फाबाहेर असताना बचाव करण्याची जबाबदारीही त्यांच्याकडे असे. ही दोन्ही कौशल्ये कोणत्याही संघाच्या रचनेत सहज सामावणारी आहेत. हंगामाच्या उत्तरार्धात संघातील एखादी उणीव भरून काढण्यासाठी अशा खेळाडूंना मागणी असते. त्यांच्या अनेक अदलाबदली मार्च महिन्यात, व्यवहारांच्या अंतिम मुदतीच्या सुमारास झाल्या, हे या दृष्टीने लक्षणीय आहे.

उत्तरार्ध आणि निवृत्ती

खेळाडूंच्या वेतनावरील वादामुळे २००४-०५ चा संपूर्ण हंगाम रद्द झाला. त्यानंतरच्या २००५-०६ च्या हंगामात वयाच्या ३४ व्या वर्षी सिलिंजर यांनी सेंट लुईस आणि नॅशव्हिल या दोन संघांकडून मिळून ३२ गोल केले. ही त्यांची एका हंगामातील सर्वोच्च कामगिरी ठरली. पुढील हंगामात आयलंडर्सकडून त्यांनी २६ गोल केले व संघाने बाद फेरी गाठली. २००७-०८ च्या हंगामात त्यांनी १,००० सामन्यांचा टप्पा ओलांडला. मात्र त्याच हंगामापासून खुब्याच्या दुखापतीने त्यांना ग्रासले. २००८-०९ मध्ये ते केवळ ७ सामने खेळू शकले. ऑगस्ट २००९ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

त्यांना स्टॅन्ली चषक कधीही जिंकता आला नाही. ते सोडून गेल्यानंतर डेट्रॉईटने १९९७ व १९९८ मध्ये, टँपा बेने २००४ मध्ये आणि ॲनाहाइमने २००७ मध्ये हा चषक पटकावला.

मूल्यमापन

१२ संघ आणि १,०४९ सामने या दोन आकड्यांचा एकत्रित विचार केल्यास सिलिंजर प्रत्येक संघाकडून सरासरी सुमारे ८७ सामने, म्हणजे ८२ सामन्यांच्या एका हंगामाहून किंचित अधिक काळ खेळले. वारंवार झालेल्या अदलाबदलींचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो. कोणत्याही संघाने त्यांना अपरिहार्य मानले नाही, हे खरे. परंतु प्रत्येक वेळी त्यांच्या मोबदल्यात काही देण्यास दुसरा संघ तयार होता, हेही तितकेच खरे. एनएचएलमध्ये १,००० सामने पूर्ण करणाऱ्यांत बहुसंख्य नावे संघाचा आधारस्तंभ ठरलेल्या खेळाडूंची आहेत. सिलिंजर यांनी तो टप्पा एका संघात स्थिरावण्याची संधी न मिळता गाठला.

निवृत्तीनंतर

निवृत्तीनंतर सिलिंजर यांनी एडमंटन ऑयलर्स संघाच्या खेळाडू विकास विभागात काम केले. त्यांचा मुलगा कोल सिलिंजर हाही एनएचएलमध्ये मध्य आघाडीवर खेळतो. वडील ब्लू जॅकेट्सकडून खेळत असताना कोलचा जन्म मे २००३ मध्ये ओहायो राज्यातील कोलंबस शहरात झाला. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांतच त्या संघाने माइक यांचा करार दुसरीकडे हस्तांतरित केला. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये त्याच कोलंबस संघाने कोलची पहिल्या फेरीत १२ व्या क्रमांकावर, म्हणजे वडिलांच्या क्रमांकाच्या एका स्थानाने खाली, निवड केली.