मगनवाडीचा गूळ आणि आपली शुगर

घरात कुणाला ‘शुगर’ निघाली की एक सल्ला हमखास येतो: "साखर सोड, गूळ खा. गांधीजी पण गूळच खायला सांगायचे." यातला गांधीजींचा भाग खरा आहे आणि तो घडला वर्ध्यात. पण सल्ला? तो चुकीचा आहे. कसा, ते आजच्या भागात बघू.

साल १९३४, डिसेंबर महिना. वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जमनालाल बजाजांनी त्यासाठी आपली बाग आणि बंगला दिला. मगनलाल गांधींच्या आठवणीत त्या जागेचं नाव पडलं मगनवाडी. कामाची सूत्रं होती जे. सी. कुमारप्पांच्या हातात, लंडनला हिशेबशास्त्र आणि न्यूयॉर्कला अर्थशास्त्र शिकून आलेला माणूस. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचं पीठ, घाणीचं तेल आणि गूळ, यांचा प्रचार इथून देशभर झाला.

यामागे कारणं दोन. एक, गिरणी आली की गावातल्या हातांचं काम जातं. दुसरं, तांदूळ पॉलिश केला की कोंड्यासोबत जीवनसत्त्वंही जातात. नुसत्या पॉलिश तांदळावर जगणाऱ्यांना ब१ जीवनसत्त्व कमी पडून बेरीबेरी व्हायचा. गुळाचंही तसंच: थोडे क्षार टिकतात आणि पैसा गावात राहतो. म्हणजे बघा, तो वाद कुपोषणाचा आणि रोजगाराचा होता. मधुमेहाचा नव्हताच.

आता त्याच गोष्टींना मधुमेहाची कसोटी लावू. कोंड्याचा मुद्दा आजही टिकतो. कोंड्यातल्या तंतूंमुळे पचन सावकाश होतं आणि साखर एकदम चढत नाही. पण हातसडीचा असला तरी भात भातच, ताटभर खाल्ला तर शुगर वाढणारच. आणि गूळ सरळ नापास होतो! त्यातही बहुतेक भाग साखरेचाच असतो. रंग बदलला म्हणून रक्तातली गणितं बदलत नाहीत.

"पण मी तर बारीक आहे, मला कशाला होईल?" हा दुसरा गैरसमज. याचं उत्तर पुण्याजवळच्या सहा खेड्यांत मिळालं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून तिथल्या गरोदर बायांचा आणि बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं स्नायूंनी बरीच कमी, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. दिसायला बारीक, आतून चरबीदार! आईच्या पोटातलं कुपोषण आणि मोठेपणीचं भरपूर खाणं, बैठं काम, यांची गाठ पडली की धोका वाढतो. मगनवाडीला ज्या भुकेची काळजी होती, तिचा आजच्या शुगरशी असा संबंध लागतो.

म्हणून वजनकाट्यासोबत टेपही घ्या. कमरेचा घेर पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हा. उपाशीपोटी रक्तातली साखर १०० ते १२५ असेल तर ती उंबरठ्यावरची अवस्था. १२६ किंवा जास्त आली, तर पुन्हा तपासून डॉक्टरांकडून खात्री करून घ्यायची.

उंबरठ्यावरून परतता येतं का? बऱ्याच जणांना येतं. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या २००६ च्या अभ्यासात आहार सुधारणाऱ्या आणि रोज चालणाऱ्या गटात मधुमेहाचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी कमी राहिलं. औषध न घेता!

पण ज्यांना मधुमेह झालाय, त्यांनी "आता भाकर खातो" म्हणून गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नये. १९२२ च्या आधी, म्हणजे इन्सुलिन मिळायच्या आधी, टाईप १ झालेली मुलं थोड्याच काळात दगावायची. आहार आणि औषध हातात हात घालून चालतात.

२०१० मध्ये देशात मधुमेह, कॅन्सर, हृदयरोगाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या १०० जिल्ह्यांत वर्धा होता. आज तिशीपुढच्या कुणाचीही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तेव्हा या आठवड्यात एक काम करा: आई-बाबांना घेऊन जा, आणि तुमची तिशी उलटली असेल तर स्वतःचंही बोट पुढे करा.

भेटू पुढच्या भागात. तोवर चालत राहा!