मेद, मांस आणि बल

बीड जिल्ह्यांतील परळी येथें वैद्यनाथाचें सुप्रसिद्ध देवालय आहे. समुद्रमंथनांतून निघालेले धन्वंतरि व अमृत येथील लिंगांत दडविलेले आहेत, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. या कथेस इतिहास म्हणतां येणार नाहीं, हें खरें. परंतु ज्या गांवीं देवासच वैद्यांचा नाथ म्हणतात, तेथें उभें राहिलें असतां आपल्या जुन्या वैद्यांची आठवण होणें स्वाभाविक आहे. स्थौल्य हा अलीकडच्या सुखवस्तु काळाचा रोग, असा आपल्या सुशिक्षित वर्गाचा सर्वसाधारण समज दिसतो. जुने ग्रंथ उघडून पाहिल्यास तो टिकत नाहीं.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांतील एकविसाव्या अध्यायांत निंद्य मानलेल्या आठ प्रकारच्या शरीरांची गणना आहे. परंतु ग्रंथकारानें विस्तारानें विचार केला आहे तो अतिस्थूल व अतिकृश या दोघांचाच. अतिस्थूलाचें आयुष्य घटतें, हालचाल मंदावते, दुर्बलता येते, घाम व दुर्गंधि यांचा त्रास होतो, भूक व तहान अनावर होतात, असें तो सांगतो. याचीं कारणें म्हणजे अतिभोजन, गोड व स्निग्ध पदार्थ, व्यायामाचा अभाव, दिवसा झोप आणि निश्चिंतपणा. आणि त्यांच्याच जोडीला ‘बीजस्वभाव’, म्हणजे आईबापांकडून आलेला वारसा. लठ्ठ मनुष्य केवळ खादाड असतो असें म्हणून मोकळें होणाऱ्यांनीं हा एवढा एक शब्द ध्यानांत ठेवावा.

त्याहून महत्त्वाची आहे ती स्थूलतेची व्याख्या. मेद व मांस वाढून पोट व नितंब हालूं लागणें एवढ्यावर चरक थांबत नाहीं. शरीर वाढावें आणि त्या मानानें उत्साह मात्र वाढूं नये, ही विसंगति त्याच्या मतें खऱ्या स्थूलतेची खूण होय. उलटपक्षीं, ज्याचें मांस प्रमाणशीर व अवयव दृढ, त्यास भूक, तहान, ऊन, थंडी व व्यायाम हीं सारीं सोसतात. म्हणजे प्रश्न वजनाचा नव्हे, बलाचा होता.

उपचारही याच धोरणाचे आहेत. अन्न पचावयास जड, पण पोषणास हलकें असावें. त्यानें भूक भागते आणि मेद वाढत नाहीं. म्हणून जव, सांवा, कोद्रू, मूग, कुळीथ व ताक यांची योजना केलेली आहे. व्यायाम हळूहळू वाढवावयाचा. सुश्रुतानें तर स्थौल्य घटविण्यास व्यायामासारखें दुसरें साधन नाहीं असें सांगून, तो अर्ध्या शक्तीनेंच करावा, अशी मर्यादाही घातली आहे. प्रमेहाच्या चिकित्सेंत तो निर्धन रोग्यास अनवाणी, छत्रावांचून शंभर योजनें चालावयास लावतो. कोणास शेत नांगरावयास, कोणास विहीर खणावयास सांगतो.

येथें बीडचा वाचक क्षणभर थबकेल. बालाघाटाच्या या कोरड्या मुलुखांत बाजरी-ज्वारीची भाकरी, हुलग्याचें माडगें, कोसचे कोस पायपीट आणि विहिरीचें खोदकाम हीं कोणीं औषध म्हणून घेतलीं नाहींत. तें गरिबांचें नित्याचें जिणें होतें. आजही दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील लाखों माणसें ऊसतोडीस घर सोडून जातात आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून वाहनांत चढतात. त्यांच्या श्रमास अर्ध्या शक्तीची मर्यादा कोण घालणार? सुश्रुतानें त्या चालण्या-खणण्याच्या उपदेशाच्या शेवटींच बजावलें आहे कीं, कृश रोग्याचें मात्र सतत रक्षण करावें. एकाचें पथ्य तेंच दुसऱ्याचा घात करूं शकतें, हें तो जाणून होता.

आधुनिक वैद्यकासही ही गोष्ट नव्यानें शिकावी लागली. १८३२ च्या सुमारास बेल्जियममधील केतले या गणितज्ञानें उंचीच्या वर्गाशीं वजनाचें प्रमाण मांडलें. १९७२ सालीं अमेरिकेंतील अँसेल कीज यानें त्यास आजचें नांव दिलें. परंतु २००४ सालीं ‘लॅन्सेट’ या नियतकालिकांत पुण्याचे डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं आपलें दोघांचें छायाचित्र छापलें. दोघांचाही निर्देशांक २२.३, पण मेद युडकिनांच्या अंगीं ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगीं २१.२ टक्के! बाहेरून बारीक दिसणारा हिंदी मनुष्य आंतून मेदस्वी असूं शकतो, हें त्या एका चित्रानें जगास दाखविलें. २००९ सालीं हिंदी तज्ज्ञांनीं लठ्ठपणाची सीमा २५ वर आणिली.

२०२५ सालीं स्थूलतेवरील नवीं टोंचण्याचीं औषधें आपल्याकडे विक्रीस आलीं. त्यांनीं वजन झपाट्यानें उतरतें. पण उतरणाऱ्या वजनांत मेदाबरोबर कांहीं मांसही जातें. म्हणून डॉक्टर आतां पुरेसें प्रथिन व वजनें उचलण्याचा व्यायाम यांचा आग्रह धरतात. आपल्या तालमींतील जोर, बैठका व जोडी यांचें मोल ज्या घरांनीं दोन पिढ्यांपूर्वीं विसरलें, त्यांस तें औषधाच्या चिठ्ठीवर लिहून मिळत आहे.

परळीहून अंबाजोगाई फार दूर नाहीं. तेथें ग्रामीण जनतेसाठीं स्थापिलेलें व स्वामी रामानंद तीर्थांचें नांव धारण करणारें वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं एकाच दिवशीं बाजारपेठेंतला मेदस्वी व्यापारी आणि ऊसतोडीहून परतलेली कृश स्त्री दाराशीं यावी, यांत नवल नाहीं. चरकानें या दोघांस एकाच अध्यायांत बसविलें, तें उगीच नव्हे. दोघांसही एकच वजनकांटा दाखवून भागणार नाहीं. एकाचें ताट हलकें करावें लागेल आणि दुसरीचें भरावें लागेल.