थंड इंजिन, उष्ण शहर : मद्रासच्या मोटारविद्येचा एक अध्याय

मद्रासमध्ये थंडी कुठली, असे महाराष्ट्रातून येणारा पाहुणा हसून विचारतो, आणि ते खोटेही नाही. जानेवारीतही येथील पहाटेचा पारा सहसा २० अंशांच्या आसपास रेंगाळतो. तरीही मार्गळी महिन्यात दारोदारी कोलम रेखले जात असता, एखाद्या जुन्या मोटारीचे सेल्फ कण्हत राहिल्याचा आवाज या शहरास अपरिचित नाही. इंजिनाच्या दृष्टीने ‘थंड’ म्हणजे हिमाने गारठलेले नव्हे. रात्रभर उभे राहून कामाच्या तापमानाहून, म्हणजे सुमारे ८० अंशांहून, पुष्कळ खाली आलेले. असे इंजिन जागे करण्याची विद्या या शहराने कशी कमावली, याची नोंद या ग्रंथात राहावी असे आम्हांस वाटते.

या विद्येचा आरंभ वाफेपासून होतो. १९०३ साली मद्रासच्या सिम्सन कंपनीत सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी वाफेवर चालणारी मोटार बांधली. पाणी उकळेपर्यंत तिचे चाक हलणे शक्य नव्हते. पेट्रोलच्या इंजिनाने ही प्रतीक्षा संपविली, पण चालकाच्या हाती लोखंडी हँडल दिले. पुढे चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत आला आणि मनगटावरचा भार बॅटरीवर गेला. मोटार सुरू करणे सोपे झाले. न सुरू होण्याची कारणे मात्र वाढली.

स्वातंत्र्यानंतर मद्रास मोटारींचे माहेरघर बनले. १९४८ साली स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन झाली आणि शहराच्या दक्षिणेस वंडलूरजवळ तिचा कारखाना उभा राहिला. १९६१ पासून तेथून स्टँडर्ड हेरल्ड बाहेर पडू लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची, कुर्ल्याला बनणारी फियाट ही मराठी माणसाच्या ओळखीची. हेरल्ड मात्र या मातीची. तिचे संपूर्ण पुढचे अंग पुढच्या बाजूस उलटे उघडत असे, त्यामुळे मिस्त्रीला इंजिनाभोवती तिन्ही बाजूंनी हात चालविता येई.

चांगला मिस्त्री तीनच प्रश्न विचारी : ठिणगी आहे काय, पेट्रोल आहे काय, आणि दाब आहे काय? या तिन्ही प्रश्नांशी निगडित कारखाने मद्रासमध्येच होते. ठिणगीसाठी १९६१ साली स्थापन झालेली पाडीची लुकास-टीव्हीएस, पेट्रोलसाठी कार्ब्युरेटर्स लिमिटेड आणि दाबासाठी १९४९ ची इंडिया पिस्टन्स.

ठिणगीच्या आधी बॅटरी पाहावी. उन्हाळ्यातील उष्णता तिच्या पट्ट्या झिजविते, पाणी आटविते. तो अशक्तपणा पुढे एखाद्या सकाळी उघड होतो. सेल्फ मारताच बारा व्होल्टची बॅटरी साडेनऊच्या खाली घसरली, तर दोष बहुधा तिच्यात अथवा तिच्या गंजलेल्या टोकांत असतो. ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात ओल धरते आणि ठिणगी वाट चुकते. कोरड्या फडक्याने पुसण्याएवढाही उपाय तेथे पुरतो. त्यानंतर पॉइंटची फट पाहावी. हेरल्डमध्ये ती इंचाचे १५ हजारांश असे.

पेट्रोलचे गणित असे की, थंड धातूवर त्याची वाफ नीट होत नाही. म्हणून चोक ओढून मिश्रण दाट करावे लागते. चोकची तार अडकली की हे साधत नाही. गाडी काही दिवस उभी राहिली, तर येथील उष्म्याने कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल उडून जाते. अशा वेळी सेल्फ मारून बॅटरी थकविण्यापेक्षा पंपाची हातकळ चार वेळा दाबणे शहाणपणाचे. उलट प्लग पेट्रोलने ओला निघाला, तर चोक सोडून तो वाळवावा.

दोन्ही ठीक असूनही इंजिन गप्प राहिले, तर दाब मोजावा. सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडल्यावर दाब चढला तर रिंगा झिजल्या आहेत. न चढला तर दोष बहुधा व्हॉल्व्हमध्ये.

वंडलूरचा कारखाना १९८८ साली बंद पडला. मद्रासचे नाव १९९६ साली चेन्नई झाले. हेरल्डचे सुटे भाग शोधणारा पुदुपेट्टैच्या जुन्या बाजारात फिरतो. मध्यंतरी नवी अडचणही आली आहे. २०२५ पासून देशभर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. त्याची वाफ होण्यास अधिक उष्णता लागते, ते ओल शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे त्यापुढे टिकत नाहीत. म्हणजे पूर्वी ज्या पहाटे इंजिन कुरकुरत असे, त्या पहाटे ते आता हटून बसते.

नवीन गाडीत हा विचार संगणक करतो. जुनीत तो माणसालाच करावा लागतो. दोष न शोधता एकामागून एक भाग बदलीत जाणे खर्चाचे तर आहेच, पण त्यात विद्याही बुडते. जुन्या मिस्त्रींपैकी अनेकांनी ही विद्या वहीत लिहिली नाही. ती त्यांच्या कानांत आणि बोटांत राहिली. ज्यांच्या दारात आजही एखादी हेरल्ड अथवा फियाट उभी आहे, त्यांनी आपल्या मिस्त्रीशेजारी उभे राहून त्याचे तीन प्रश्न ऐकावेत आणि मराठीत अथवा तमिळमध्ये लिहून ठेवावेत, एवढीच आमची विनंती आहे.